डिलिव्हरी नोटवरची सही

“मिस्टर नाही आले?” उंबरजेनं माझ्या खांद्यावरून दाराकडं बघत विचारलं.

“गाडी माझ्या नावावर आहे,” मी म्हटलं. “मी आलेय.”

“ते आहेच हो मॅडम. पण गाडीतलं काय असतं, तुम्हाला सांगून कळणार नाही आणि मला समजावता येणार नाही. बसा. सरबत घ्या.”

सोलापुरात होटगी रस्त्याला त्याचा जुन्या गाड्यांचा धंदा होता. पत्र्याची शेड, पुढं दहाबारा गाड्या, प्रत्येकीच्या काचेवर खडूनं लिहिलेला आकडा. टेबलावर काच होती, काचेखाली देवांचे फोटो होते आणि देवांच्या डोक्यावर त्याचं व्हिजिटिंग कार्ड होतं. पाच महिन्यांतली माझी ही चौथी खेप होती. दर वेळी तोच माणूस, तेच सरबत, तोच प्रश्न.

“परवा हॉर्न आपोआप वाजायला लागला,” मी सांगितलं. “बंदच होईना. मग गाडी बंद पडली ती पडलीच. त्याआधी दिवे जात होते. त्याआधी दारांची लॉकं आपोआप उघडत होती. प्रत्येक वेळी तुमचा माणूस कसला तरी स्प्रे मारतो आणि झालं म्हणतो. आठ दिवस चालते.”

“आठ दिवस चालते म्हणजे गाडी चांगली आहे,” उंबरजे म्हणाला. “खराब गाडी आठ तास चालत नाही. तुम्ही क्लच जास्त दाबता का?”

क्लचचा आणि हॉर्नचा काय संबंध, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. त्याच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, वायरींच्या जोडांवर स्प्रे मारला, झालं म्हणाला. मी सरबत तसंच ठेवून उठले.

बार्शीत माझं पार्लर आहे. नवरीचा मेकअप हे माझं खरं काम. शहरातल्या नवऱ्या पार्लरमध्ये येतात, पण खेड्यातल्या नवरीकडं आपणच जावं लागतं, तेही सकाळी सहाला. रिक्षावाले वेळेवर येत नाहीत, म्हणून मी गाडी शिकले आणि दिवाळी झाल्यावर ही पांढरी गाडी घेतली. आठ वर्षांची बचत आणि वर थोडं कर्ज. गाडी मी निवडली, बँकेत मी गेले, पैसे माझ्या खात्यातून गेले. नवऱ्याला नुसतं सोबत नेलं होतं, कारण उंबरजे पुरुष समोर असल्याशिवाय धड किंमतसुद्धा सांगत नव्हता.

माझा नवरा, दिगंबर, बाजार समितीत तोलार होता. दिवसभर पोत्यांची वजनं सांगायची एवढंच त्याचं बोलणं, आणि घरी येऊन तेवढंही नाही. मुलीची शाळा, घराचा रंग, त्याच्या आईचं ऑपरेशन, सगळं मी ठरवायची. तो मान हलवायचा. मी तेव्हा लोकांना सांगायची, आमच्या ह्यांचा काही त्रास नाही. ते मी कौतुकानं सांगत नव्हते. गाडी घ्यायच्या दिवशी मी आत ऑफिसात कागदांत गुंतले होते, आणि काचेतून हा उंबरजेबरोबर गाडीपाशी उभा राहून हसताना दिसला. चला, कशाला तरी उपयोगी पडला, असं मनात आलं.

उंबरजेच्या त्या चौथ्या स्प्रेनंतर सहाव्या दिवशी गाडी उपळ्याच्या अलीकडं बंद पडली. पहाटे साडेपाचची वेळ. उपळ्याला पाटलांच्या घरी लग्न होतं, सातला हळद आणि साडेअकराचा मुहूर्त. मेकअपची पेटी डोक्यावर घेऊन मी अडीच किलोमीटर चालले. पोचले तेव्हा नवरीच्या मावशीनं तिच्या तोंडाला पावडर फासून ठेवली होती आणि नवरी रडून रडून ती पावडर गालावरून उतरवत होती. मी जे जमलं ते केलं. पण पाटलीणबाई सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाल्या, “बार्शीच्या बाईला आता सांगू नका कुणी. भरवशाची नाही.” त्या एका वाक्यानं माझी पुढची चार लग्नं गेली.

गाडी ओढून युनूसभाईंच्या गॅरेजला आणली. युनूसभाई बार्शीतले जुने मिस्त्री. त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. आत बसून ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढला आणि मला दाखवला. वरचा पट्टा काळा होता. शेवटचा हातभर पट्टा पिवळट, आणि त्यावर वाळलेल्या गाळाचा पापुद्रा.

“धुताना एवढा कुणी ओढत नाही,” ते म्हणाले. “ताई, ही गाडी बुडालेली आहे. सीटच्या वर पाणी होतं. सांगली-कोल्हापूरकडं पूर आला होता ना, तिकडची असणार. हिची वायरिंग आतून सडत चालली आहे. आज हॉर्न, उद्या ब्रेकचा दिवा. मी हजारदा दुरुस्त करीन, पण तुमचे पैसे घ्यायला मला लाज वाटेल.”

मी हे घरी सांगितलं तेव्हा दिगंबर जेवत होता. त्यानं मान खाली घालून भात संपवला.

“तुम्हाला काहीच वाटत नाही का?” मी विचारलं.

“वाटतं,” तो म्हणाला आणि ताट उचलून आत गेला.

युनूसभाईंनीच मला चाकोते बाईंकडं पाठवलं. पोस्टातून निवृत्त झालेल्या, सोलापुरात राहायच्या, ग्राहकांच्या संघटनेचं काम करायच्या. त्यांनी आधी माझी पावती बघितली, मग आरसी बुक, मग बँकेचा उतारा.

“सगळं तुझ्या नावावर. छान,” त्या म्हणाल्या. “आता ऐक. पोलिसात गेलीस तर ते म्हणतील हा दिवाणी मामला आहे. दिवाणी कोर्टात गेलीस तर गाडी गंजून जाईल तोवर तारखा चालतील. आधी रजिस्टर पोस्टानं नोटीस दे, पंधरा दिवस थांब, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार कर. वकील लागत नाही. स्वतः उभी राहू शकतेस.”

“तो म्हणेल जुन्या गाडीला गॅरंटी नसते.”

“म्हणू दे. गॅरंटी नाही म्हणजे पूर लपवायची परवानगी आहे असं नाही. त्याला माहीत होतं आणि त्यानं तुला सांगितलं नाही, एवढं दाखवायचं. गाडी कितीदा बंद पडली ते तारखांसकट लिहून काढ. आणि हो, गाडी कोण चालवतं?”

“मीच.”

“मग ठीक. तो म्हणणार, ही धंदेवाली बाई, हिनं गाडी धंद्यासाठी घेतली, ही ग्राहकच नव्हे. स्वतः राबून पोट भरणाऱ्या माणसाला तो नियम लागत नाही. तेवढं लक्षात ठेव.”

मी नोटीस दिली, मग आयोगात तक्रार केली. उंबरजे अगदी तसंच म्हणाला. त्याच्या वकिलाच्या उत्तरात मला ‘सौंदर्यप्रसाधनाचा मोठा व्यवसाय असलेली महिला’ केलं होतं. ते वाचून हसू आलं. शेवटचं पान उलटलं आणि हसू गेलं. तिथं डिलिव्हरी नोटची प्रत होती. टाइप केलेल्या चार ओळी: ‘सदर गाडी पुराच्या पाण्यात गेलेली असल्याची पूर्ण कल्पना मला देण्यात आली असून गाडी जशी आहे तशी स्वीकारत आहे.’ खाली सही. दिगंबर बारंगुळे. लांबट, उजवीकडं कललेली, बाजार समितीच्या काटापट्ट्यांवर रोज शंभरदा करतो तशी.

चाकोते बाईंनी चष्मा वर केला. “ही सही तुझ्या नवऱ्याची?”

“हो. पण कोऱ्या कागदावर घेतली असणार,” मी म्हटलं. “त्याला काही कळत नाही. कुणीही कशावरही सही घ्यावी.”

“त्याला विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात? मी ओळखते त्याला.”

“कांचन, तसं असेल तर लिही. नसेल तर लिहू नको.”

“तसंच आहे, बाई,” मी म्हटलं.

मी तसं लिहून दिलं. माझ्या प्रत्युत्तरात शपथेवर लिहिलं की पतीची सही कोऱ्या कागदावर घेऊन मजकूर नंतर टाइप केला. मग दिगंबरच्या नावाचं तेवढंच एक शपथपत्र टाइप करून आणलं, टेबलावर ठेवलं, पेन काढून दिलं.

“इथं आणि इथं,” मी म्हटलं.

त्यानं ते वाचलं. दोनदा वाचलं. पेन कागदावर आडवं ठेवून दिलं.

“तिथं गेल्यावर बघू,” तो म्हणाला.

“तिथं काय बघणार? एका सहीनं घर बुडवलंत, दुसरीनं वाचवायला काय होतं?”

तो उठून बाहेर गेला. मी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणंच बंद केलं, आणि खरं सांगायचं तर फारसा फरक पडला नाही. शपथपत्र तसंच टेबलावर राहिलं. मी म्हटलं, मरू दे, ह्याच्यावाचून काही अडत नाही.

पण अडलं. उंबरजेच्या वकिलाला वास लागला. नवऱ्याच्या सहीवर एवढा वाद आणि नवऱ्याचं शपथपत्रच नाही, म्हणून त्यानं अर्ज केला की नवऱ्याला समोर बोलवा. आयोगात अशी तोंडी तपासणी सहसा होत नाही, सगळं कागदांवर चालतं. तरी अध्यक्षांनी परवानगी दिली.

तक्रार करून दीड वर्ष झालं होतं. गाडी युनूसभाईंच्या गॅरेजमागं उभी होती आणि तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. तारखेला आम्ही एसटीनं सोलापूरला गेलो. दिगंबरनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मी दोन सीट पुढं बसले.

आयोगाची खोली शाळेच्या वर्गाएवढी होती. समोर अध्यक्ष, त्यांच्या शेजारी एक सदस्या, बाजूला टाइप करणारा कारकून. उंबरजे पहिल्या बाकावर पाय पसरून बसला होता. आमच्याकडं बघून त्यानं दिगंबरला नमस्कार केला. मला नाही.

वकिलानं कागद दिगंबरच्या हातात दिला. “ही सही तुमची?”

“हो.”

“सही केली तेव्हा हा कागद कोरा होता?”

मी त्याच्याकडं बघत होते. दोन अक्षरं हवी होती मला, ‘होता’. आमच्या दीड वर्षाच्या हेलपाट्यांचं चीज त्या दोन अक्षरांवर होतं.

“नाही,” दिगंबर म्हणाला. “टाइप केलेला होता.”

“तुम्ही वाचलात?”

“वाचला. खाली ‘वाचून बरोबर’ असं मीच लिहिलंय. बघा.”

खरंच लिहिलेलं होतं. सहीच्या खाली, बारीक. प्रत इतकी फिकट होती की मी ते बघितलंच नव्हतं. कदाचित बघायचं नव्हतं. वकील माझ्याकडं वळून हसला आणि खाली बसला. उंबरजेनं मोबाइल काढला, जणू काम संपलं.

अध्यक्षांचा चेहरा कडक झाला होता. “बारंगुळे बाई, तुम्ही शपथेवर कागद कोरा होता असं लिहून दिलंय. आता तुम्हाला साक्षीदाराला काही विचारायचंय का?”

मला काही विचारायचं नव्हतं. केस संपली होती, हे मला कळत होतं. पण मी उठले. मला तिथं सगळ्यांसमोर ह्या माणसाला उघडा पाडायचा होता. कायद्याचं, आयोगाचं काही डोक्यात नव्हतं. स्वयंपाकघरात विचारावं तसं मी विचारलं.

“मग मला का सांगितलं नाही?”

त्यानं कागद टेबलावर ठेवला. टाइप करणाऱ्यानं बोटं थांबवून वर बघितलं.

“उंबरजे शेठ म्हणाले, वहिनींना सांगू नका,” दिगंबर म्हणाला. “म्हणाले, बायका पुराचं नाव काढलं की घाबरतात, घेणार नाहीत. म्हणाले, पैसे त्या देतायत, गाडी त्यांच्या नावावर होईल, पण हा कागद मी तुमच्याकडून सही करून घेतो, म्हणजे पुढं माझ्यावर काही येत नाही आणि त्यांच्या डोक्यालाही ताप नाही.”

उंबरजेनं मोबाइल खाली ठेवला. वकील उठला, “साहेब, हे ऐकीव—”

“तुमच्याच पक्षकाराचं बोलणं आहे, ऐकीव कसं?” अध्यक्ष म्हणाले. “बसा. साक्षीदार, पुन्हा सांगा, सावकाश. ह्यांना टाइप करू दे.”

दिगंबरनं पुन्हा सांगितलं. पोत्यांची वजनं सांगतो त्याच आवाजात, एक शब्द इकडं तिकडं न करता. ‘वहिनींना सांगू नका’ हे टाइप होताना मला ऐकू आलं.

सदस्या पुढं झुकल्या. “पण तुम्ही का ऐकलंत त्यांचं? बायकोची सगळी बचत होती ती.”

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “आमच्या घरात सगळं हिच्या विचारानं चालतं. चांगलं चालतं, तक्रार नाही. मला कुणी काही विचारत नाही. त्या दिवशी शेठ म्हणाले, साहेब, शेवटचा निर्णय तुमचा. मला बरं वाटलं. एवढंच झालं.”

खोलीत कुणी हसलं नाही. हसले असते तर मला सोपं गेलं असतं.

परतीच्या एसटीत जागा शेजारीशेजारीच मिळाली. वैरागला बस थांबली तेव्हा त्यानं खिडकीतून शेंगा घेतल्या आणि अर्ध्या माझ्या ओंजळीत ओतल्या.

“मला वाटलं तुम्ही भीतीनं खरं बोललात,” मी म्हटलं. “पकडले जाऊ म्हणून.”

त्यानं एक शेंग फोडली. “भीती होती. पण ते नाही. तू तो शपथपत्राचा कागद पुढं ठेवलास ना, इथं आणि इथं म्हणालीस. तूही विचारलं नाहीस, काय झालं होतं म्हणून. उंबरजेनं निदान साहेब म्हटलं होतं.”

मी दीड वर्ष उंबरजेची लाज काढत फिरत होते. गाडी माझी असून किंमत नवऱ्याला सांगणारा, माझ्याशी बोलताना माझ्या मागं बघणारा माणूस. त्याच्या जातीची माणसं मी एका नजरेत ओळखते असं मला वाटायचं. शेंगांची टरफलं पदरात घेऊन मी बसून राहिले. माफी मागितली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. तशी सवयच नव्हती.

दोन महिन्यांनी निकाल आला. पूर माहीत असूनही खऱ्या खरेदीदारापासून तो मुद्दाम लपवला, असं आयोगानं म्हटलं. गाडी परत घेऊन पूर्ण किंमत व्याजासह द्यावी. मी ग्राहक आहे, हेही लिहिलं होतं. मानसिक त्रासाची भरपाई मात्र नाकारली. तक्रारदारानं कोऱ्या कागदाबाबत शपथेवर खोटं विधान केल्यामुळं ती या भरपाईस पात्र नाही. चाकोते बाईंनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं, कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. त्यानंतर मी त्यांच्याकडं गेले नाही.

उंबरजे वरच्या आयोगात जाईन म्हणाला, पण अपिलाला अर्धी रक्कम भरावी लागते हे कळल्यावर गेला नाही. पैसे आले. लग्नसराई तोंडावर होती. बार्शीतच एका डॉक्टरांची गाडी विकायची होती, एकाच हातातली, मी बघून ठेवली होती. त्या संध्याकाळी दिगंबर पायरीवर बसून चप्पल पुसत होता. मी त्याच्याशेजारी जाऊन बसले. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि हे वाक्य तोंडातून कसं काढावं ते मला सुचत नव्हतं.

“डॉक्टरांची गाडी घेऊ या का?” मी म्हटलं. “तुम्हाला काय वाटतं?”

त्यानं माझ्याकडं बघितलं, ह्यात काही पेच आहे का असं. मग चप्पल खाली ठेवून नीट विचार केला. खरोखर केला, मी बघत होते.

“नको,” तो म्हणाला. “दोन वर्षं आपण गाडीशिवाय दुसरं बोललो नाही. एक वर्ष जाऊ दे.”

माझ्याकडं निदान सहा कारणं तयार होती. तोंड उघडलं आणि मिटलं. मी विचारलं होतं, आणि विचारलं म्हणजे ऐकावं लागतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांची गाडी दुसऱ्याच कुणी नेली. त्या लग्नसराईत मी अकरा नवऱ्या सजवल्या, पहाटेच्या पहिल्या एसटीनं, पेटी मांडीवर घेऊन.